गढूळ पाण्यातून ध्वनी कसा जातो?

पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४८० मीटर असतो. गारगोटीत तो कितीतरी जास्त असतो. मग पाण्यात गारगोटीची बारीक पूड कालवली, तर वेग वाढेल की घटेल? तुम्ही म्हणाल, वाढेल. पण तो घटतो!

असे का? वेगाचा वर्ग काढायचा, तर १ ला घनता आणि संपीड्यता (दाबाने आक्रसण्याचा गुण) यांच्या गुणाकाराने भागावे लागते. समजा, १०० घ. सेंमी. मिश्रणात ५ घ. सेंमी. पूड आहे. गारगोटीची घनता पाण्याच्या २.६५ पट, म्हणून मिश्रणाची घनता १.०८ पट होते. गारगोटी जवळजवळ आक्रसतच नाही. म्हणून संपीड्यता ०.९५ पट होते. गुणाकार १ पेक्षा जास्तच! वेग उतरतो सुमारे १,४६० मीटरवर. सरासरीची ही रीत वुड या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. १९४७ साली युरिक यांनी चिनी मातीच्या गढूळ पाण्यात ती पडताळून पाहिली.

मात्र कण पाण्याबरोबर डोलले, तरच हे गणित जुळते. जड कण मागे रेंगाळतात. घर्षणाने ध्वनीची ऊर्जा उष्णतेत जाते. कोणत्या कंप्रतेचा श्राव्यातीत ध्वनी किती क्षीण झाला, हे मोजून कणांचा आकार काढता येतो. जिथे प्रकाश आरपार जात नाही, अशा दुधासारख्या द्रवातही!

आता १० घ. सेंमी. पूड घेऊन वेग काढा. उत्तर १,४४५ मीटरच्या आसपास आले का?