घरी घडवलेल्या बेसला नवा पिकअप: निवड कशी, खर्च किती

घरी घडवलेल्या बेस गिटारचा पिकअप बदलायचा ठरला की बहुतेक जण आधी ब्रँड शोधायला लागतात. माझा आग्रह आहे की आधी मोजपट्टी घ्या. दुकानातल्या बेसमध्ये पिकअपची जागा कंपनीने ठरवलेली असते. घरच्या बेसमध्ये ती आपण स्वतः लाकडात कोरलेली असते आणि थोडी इकडेतिकडे होतेच. दहा हजारांचा पिकअप खाचेत बसला नाही, तर राउटर चालवणाऱ्या कारागिराचे पैसे वेगळे द्यावे लागतात आणि पॉलिश पुन्हा करावं लागतं ते आणखी वेगळं. पिकअपच्या पाकिटावरची किंमत आणि तो वाजू लागेपर्यंतचा खर्च यांत बराच फरक पडतो, तो इथूनच.

फेंडरच्या जॅझ बेसच्या, म्हणजे जे-बेसच्या जोडीतले दोन पिकअप दिसायला सारखे असतात, पण मानेकडचा साधारण ९२ मि.मी. लांब आणि ब्रिजकडचा ९५च्या आसपास असतो. दोन्ही खाचा एकाच लांबीच्या कोरल्या असतील, तर दोन्ही आखूड किंवा दोन्ही लांब मापाचे पिकअप देणाऱ्या कंपन्या शोधाव्या लागतील. बंद आवरणाच्या सोपबारमध्ये तर प्रत्येकाचं माप निराळं. ईएमजीचं ३५ क्रमांकाचं आवरण ८९ बाय ३८ मि.मी., ४० क्रमांकाचं १०२ बाय ३८. त्यातल्या त्यात सांभाळून घेणारा म्हणजे प्रिसिजन बेसचा (पी-बेसचा) दोन तुकड्यांचा पी-पिकअप. वर पिकगार्ड असेल तर खाचेची वेडीवाकडी कड झाकली जाते.

तारांमधलं अंतरही मोजा, पण ते पिकअपच्या जागी, ब्रिजवर नव्हे. ब्रिजवर ते बहुधा १९ मि.मी. असतं आणि मानेकडे जाताना कमी होत जातं. तार चुंबकांच्या खुंट्यांवरून सरकली की तिचा आवाज बाकीच्यांपेक्षा दबतो. अंतर चमत्कारिक निघालं तर खुंट्यांऐवजी सलग पट्टीचं चुंबक असलेला पिकअप घ्यावा. त्याला तार नेमकी कुठून जाते याने फरक पडत नाही.

यानंतर जागेचा प्रश्न, आणि माझ्या मते ब्रँडपेक्षा तोच मोठा आहे. पिकअप मानेकडे सरकला की मूळ स्वर भरदार येतो; ब्रिजकडे सरकला की वरचे स्वरांश वाढतात, आवाज नेमका होतो आणि खर्ज पातळ पडतो. फेंडरने १९७०च्या दशकात जे-बेसचा ब्रिजकडचा पिकअप सुमारे १० मि.मी. आणखी ब्रिजकडे नेला, तेवढ्यानेही आवाजाचा स्वभाव बदलला. तुमच्या बेसवर पिकअप ब्रिजला चिकटून असेल आणि आवाजात पोट नसेल, तर महागडा पिकअप ते पोट आणून देणार नाही. तिथे पैसे नव्या खाचेवर घालवा.

पिकअपवर खापर फोडण्याआधी दोन स्वस्त उपाय करून पाहा. तारा जुन्या असतील तर बदला. चांगला संच दीड ते तीन हजारांत येतो. मोटाउनच्या रेकॉर्डांवर वाजणारा जेम्स जेमर्सन पी-बेसवर जुन्या फ्लॅटवाउंड तारांनीच वाजवत असे आणि तो गोल, दबका आवाज आजही लोक शोधत असतात. तो हवा असेल तर तारा तशा घ्या, पिकअपमध्ये तो शोधू नका. दुसरा उपाय फुकट आहे. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तार आणि पिकअप यांतलं अंतर साधारण दोन ते तीन मि.मी. ठेवा, जाड तारेकडे थोडं जास्त. फार जवळ नेलं तर चुंबक तारेला ओढतं आणि वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो.

एवढं करूनही पिकअप बदलायचाच असेल, तर एकच पिकअप असलेल्या पहिल्या घरगुती बेससाठी मी पी-पिकअप सुचवेन. प्रिसिजन बेस १९५१चा, पण दोन तुकड्यांचा पिकअप त्याला १९५७मध्ये मिळाला. हे दोन तुकडे एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात आणि त्यांची चुंबकंही उलटी असतात. त्यामुळे विजेची घरघर एकात अधिक, दुसऱ्यात उणे होऊन मिटते. आपल्या घरांत याचं मोल फार आहे: पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी दिवे, जुनं अर्थिंग, सगळं एका खोलीत. १९६०च्या जे-बेसमधले दोन पिकअप एकदम पूर्ण उघडले तर घरघर जाते, एकच ठेवला तर परत येते. त्याचा टोकदार आवाज आवडत असेल तर जे-पिकअप जरूर घ्या, पण खाचेला तांब्याची चिकटपट्टी लावण्याचा खर्च त्याच दिवशी धरा.

आता पैसे. खालचे आकडे साधारण आहेत, खरेदीआधी चालू भाव पाहावाच. ऑनलाइन मिळणारा बिननावाचा पी-पिकअप हजार ते दोन हजारांत येतो. विल्किन्सन, आर्टेक अशा नावांचे अडीच ते पाच हजारांपर्यंत. सीमोर डंकन, डिमार्झिओ, फेंडर, ईएमजी यांच्या पी-पिकअपची अमेरिकेतली किंमत ९० ते १३० डॉलर, जे-जोडीची १५० ते २३०. इथे पोचेपर्यंत पी-पिकअप नऊ ते पंधरा हजारांचा होतो आणि जोडी सोळा ते पंचवीस हजारांची. नॉर्डस्ट्रँड, लिंडी फ्रॅलिन यांसारख्या छोट्या कारखान्यांचे पिकअप याहून महाग. बाहेरून मागवत असाल तर सीमाशुल्क, कर आणि कुरिअर धरून अंतिम रक्कम आधी विचारून घ्या. इथल्या दुकानदाराचा भाव कधीकधी त्यापेक्षा कमी निघतो, आणि वस्तू बिघडलेली निघाली तर परत करायला दार जवळ असतं. मुंबईत धोबी तलावावरच्या फुर्टाडोजसारख्या दुकानात मागणी नोंदवून पाहावी. नामांकित कंपनीचा पिकअप कोणी निम्म्याहून कमी भावात नवा म्हणून विकत असेल, तर तो नकली धरूनच चाला.

माझा कौल मधल्या गटाला आहे. बिननावाचा आणि चार हजारांचा यांत ऐकू येणारा फरक असतो: गुंडाळी एकसारखी असते, चारही तारा सारख्या वाजतात. चार हजारांचा आणि बारा हजारांचा यांतला फरक असतोच, पण तो चांगल्या अ‍ॅम्पवर, सरावलेल्या हातातच कळतो. बेस अजून घडतोच आहे, मानेचा बाक आणि ब्रिजची उंची जमायची आहे, अशा वेळी ते आठ हजार राखून ठेवावेत.

पिकअपबरोबर येणारे खर्च छोटे, पण चुकवता न येणारे आहेत. जे-पिकअपसारख्या सिंगल कॉइलला आणि पी-पिकअपला २५० के ऑडिओ टेपरचे पॉट (आवाज-टोनच्या बटणांखालचे पोटेन्शिओमीटर) लागतात, हमबकरला ५०० के. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत कपॅसिटर, सोल्डर, वायर, मल्टिमीटर सगळं स्वस्तात मिळतं, पण २५० के मूल्य तिथे मिळेलच असं नाही. ते गिटारच्या दुकानातून, साधे दीड-तीनशेला, सीटीएसचे पाच-आठशेला. सीटीएसचा दांडा जाड, त्याला साडेनऊ मि.मी. भोक लागतं, छोट्या पॉटसाठी पाडलेलं भोक मोठं करावं लागेल. टोनचा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वीस-तीस रुपयांत येतो. त्यासाठी हजार रुपये मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणावं. तांब्याची पट्टी तीन-सहाशे, जॅक दोन-चारशे, आणि जोडणी दुसऱ्याकडून करून घ्यायची तर पाचशे ते दीड हजार. म्हणजे मधल्या गटातला चार हजारांचा पी-पिकअप स्वतः जोडून साडेपाच हजारांच्या आसपास पडतो, नामांकित कंपनीचा बारा हजारांचा पिकअप चौदा-पंधरा हजारांपर्यंत जातो.

ईएमजीसारखे अ‍ॅक्टिव्ह पिकअप शांत वाजतात, त्यांच्याबरोबर २५ केचे पॉट आणि सोल्डर न लागणारे जोड येतात. मात्र नऊ व्होल्टच्या बॅटरीसाठी जागा आधीच कोरलेली हवी. स्टीरिओ जॅकमुळे केबल काढली की बॅटरी बंद होते. म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढायची सवय लावा. आणि एक अ‍ॅक्टिव्ह, एक पॅसिव्ह अशी जोडी टाळा.

पिकअप हातात आला की सोल्डर करण्याआधी मल्टिमीटर लावा. पीचे दोन तुकडे मिळून साधारण १० ते १२ किलोओहम, जेचा एक पिकअप ७ ते ८. निम्माच आकडा दिसला तर एकाच तुकड्याची वायर धरली आहे का ते पाहा. काहीच दिसत नसेल तर आतल्या गुंडाळीची तार तुटलेली, तो परत करा. मात्र आकडा मोठा म्हणजे पिकअप सरस, असं समजू नका. गुंडाळीच्या तारेची जाडी आणि चुंबक बदललं की त्या आकड्याचा अर्थही बदलतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र उघडल्यावर खर्ज गायब होऊन आवाज पोकळ झाला, तर ते उलट्या फेजमध्ये आहेत; एकाच्या दोन वायरींची अदलाबदल करा, फक्त त्याची धातूची तळपट्टी अर्थच्या वायरीला जोडलेली नाही याची खात्री करून. आणि वायरी आखूड कापू नका. कंपनीची लांबी राखलेला पिकअप नंतर विकायचा झाला तर गिऱ्हाईक सहज मिळतं.