दगडी पाला आणि आबांची टाच

दगडी पाला आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. बांधावर, ओट्याच्या फटीत, शाळेच्या कुंपणालगत कुठेही उगवतो. लांब दांड्यावर एकच फूल येते, म्हणून त्याला एकदांडीही म्हणतात. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली, पण आता आपलीच झाली आहे.

पावसाळ्यात गवत कापताना माझ्या बोटाला विळा लागला. आबांनी पाला चोळून रस पिळला. चरचरलं, पण चार दिवसांत खपली धरली.

दिवाळीनंतर आबांच्याच टाचेत बाभळीचा काटा मोडला. त्यांनी तोच पाला लावला. आई म्हणाली, "मामंजी, दवाखान्यात चला." आबा म्हणाले, "काट्यासाठी कुठं दवाखाना असतोय व्हय? दुखत तर नाही." पंधरा दिवस झाले तरी जखम ओलीच, वर वास येऊ लागला. डॉक्टरांनी आधी बोटातून रक्ताचा थेंब घेतला. दुखणं पायाला अन् सुई बोटाला, असं मला वाटलं. साखर 320 निघाली!

मधुमेह फार दिवस अंगात राहिला की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठा कमी पडतो, जखमेत जंतू माजतात. आबांना दुखत नव्हतं, हीच खरी वाईट खूण होती. दगडी पाल्याच्या अर्काचे उंदरांवर प्रयोग झालेले आहेत व काहींत जखम लवकर भरली. पण तो अर्क प्रयोगशाळेतला. आपण चोळतो तो मातीसकट, आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात.

गुरुजींनी आम्हाला गुळमार वेलीचे पान चघळायला दिले. नंतर साखर खाल्ली तर वाळू खाल्ल्यासारखी लागली! मीठ मात्र खारटच. मी घरी पान नेऊन म्हटलं, "आबा, हे खा, साखर जाईल." गुरुजींना सांगितल्यावर ते हसले. गोडी जिभेवरची जाते, रक्तातली साखर तेवढ्याने जात नाही.

आबांची मेटफॉर्मिनची गोळीसुद्धा एका युरोपीय झाडाच्या अभ्यासातून निघाली. त्या झाडातले द्रव्य साखर उतरवी, पण विषारी होते. शास्त्रज्ञांनी तसेच दुसरे, कमी धोक्याचे द्रव्य तयार केले. 1957 साली फ्रान्समध्ये ते मधुमेहावर वापरलेले प्रसिद्ध झाले.

आबांची जखम भरायला दोन महिने लागले. कारल्याची भाजी ते खातात, गोळीही घेतात. त्यांना स्वतःची टाच नीट दिसत नाही, म्हणून रोज रात्री मी बॅटरी लावून दोन्ही तळपाय बघतो.