वर्गांतील हवा आणि विजेची काटकसर

दुपारच्या सुटीनंतरच्या पहिल्या तासाचा अनुभव आपणांपैकीं प्रत्येकास आहे. शिक्षक मन लावून शिकवीत असतात, विषयहि नावडता नसतो. तरी डोळ्यांवर झांपड येते, जांभई आवरत नाहीं आणि डोकें जड होतें. असा विद्यार्थी आळशी ठरतो व बोलणीं खातो. जेवणानंतरची सुस्ती यास कांहीं अंशीं कारण असते हें खरें. परंतु पुष्कळ वेळां अपराध विद्यार्थ्याचा नसून खोलीचा असतो. तो कसा ओळखावा, आणि विजेचा खर्च न वाढवितां कसा दूर करावा, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

बाहेरील हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइड वायूचे सध्या चार भागांहून किंचित् अधिक भाग असतात. आपण उच्छ्वासावाटे जी हवा सोडतों तींत हेंच प्रमाण सुमारें चारशें असतें. म्युनिक येथील मॅक्स फॉन पेटेनकोफर या शास्त्रज्ञानें १८५८ सालीं असें सुचविलें कीं, राहत्या खोलींत हें प्रमाण दहा भागांवर जाऊं देऊं नये. इतक्या अल्प प्रमाणांत हा वायु विषारी असतो असें नव्हे. तो केवळ साक्षीदार होय. तो वाढला म्हणजे आपण एकमेकांनीं सोडलेली हवाच पुनः पुनः आंत घेत आहों, असें समजावें. क्षय, गोवर, तसेंच २०२० सालीं जगभर पसरलेला कोविड, या रोगांचे जंतु अशा कोंडलेल्या हवेंतूनच एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातात.

आतां थोडें गणित करूं. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद व साडेतीन मीटर उंच अशा खोलींत १६८ घनमीटर, म्हणजे १,६८,००० लिटर हवा मावते. तींत ५० विद्यार्थी बसले आहेत असें समजा. स्वस्थ बसलेला मोठा विद्यार्थी ताशीं सुमारें १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तेव्हां पन्नास जणांचे ९०० लिटर झाले. दारें-खिडक्या लावून घेतल्यास पेटेनकोफरची मर्यादा गांठण्यास अवघे १०० लिटर पुरतात. म्हणजे सात मिनिटांच्या आंतच ती गांठली जाते! हजेरी पुरी होते न होते तोंच हवा बिघडली. ती चांगली राखावयाची तर दर विद्यार्थ्यामागें ताशीं सुमारें ३१ घनमीटर ताजी हवा पाहिजे. म्हणजे या खोलींतील सर्व हवा तासांत नऊ वेळां बदलली पाहिजे. छताचा पंखा हें काम करीत नाहीं. तो आहे तीच हवा फिरवितो. त्यानें घाम सुकतो, पण हवा बदलत नाहीं. घरगुती वातानुकूलन यंत्राचीहि बहुधा तीच गोष्ट.

येथेंच अडचण उभी राहते. बाहेरची हवा थंड देशांत तापवावी लागते, उष्ण देशांत गार करावी लागते, आणि ती नळांवाटे आंत ढकलण्यास पंखे लागतात. विद्यापीठांच्या मोठाल्या इमारतींत हा खर्च फार होतो. खिडक्या घट्ट लावाव्या तर पैसा वांचतो पण विद्यार्थी गुदमरतो; उघडाव्या तर विद्यार्थी सुखावतो पण पैसा जातो. हें भांडण मिटण्याजोगें आहे काय?

इंग्लंडांतील लेस्टर शहरीं या प्रश्नाचें एक सुंदर उत्तर उभें आहे. तेथील डी माँटफर्ट विद्यापीठाची ‘क्वीन्स बिल्डिंग’ ही अभियांत्रिकीची इमारत १९९३ सालीं पुरी झाली. ॲलन शॉर्ट व ब्रायन फोर्ड या स्थापत्यविशारदांच्या संस्थेनें तिची रचना केली. तिच्या छपरावर उंच धुराडीं दिसतात. परंतु त्यांतून धूर निघत नाहीं, आंतील वापरलेली हवा निघते. व्याख्यानगृहांत बाहेरची हवा बांकांखालून येते. विद्यार्थ्यांच्या अंगच्या उष्णतेनें ती तापते, हलकी होते, वर चढते आणि धुराड्यावाटे बाहेर पडते. तिची जागा खालून येणारी ताजी हवा घेते. श्रोते जितके अधिक, तितका हा प्रवाह जोराचा! जाड भिंती दिवसाची उष्णता पोटांत घेतात आणि रात्रींच्या गार हवेंत ती टाकून देतात.

ही युक्ति आमच्या वाडवडिलांस अगदींच अपरिचित नव्हती. जुन्या वाड्यांतील मधला चौक आणि भिंतींत वर ठेवलेले झरोके हेंच काम करीत. मात्र लेस्टरची नक्कल येथें जशीच्या तशी चालणार नाहीं. बाहेरची हवा आंतल्याइतकीच उष्ण असली म्हणजे धुराडें फारसें ओढीत नाहीं. कोंकणांत रात्रहि उबदार व दमट असते. तेथें समोरासमोर खिडक्या ठेवून वाऱ्यासच वाट करून दिली पाहिजे. देशावर उन्हाळ्यांत हवा कोरडी व रात्र गार असते. तेथें रात्रीं झडपा उघड्या ठेवून भिंती निववाव्या आणि दुपारीं उन्हास अडवावें.

जेथें यंत्रावांचून गत्यंतर नाहीं, तेथेंहि काटकसर साधते. नळांतून हवा खेळविणाऱ्या पंख्याची गति निम्मी केली तर हवा निम्मी मिळते, परंतु वीज सुमारें एक-अष्टमांशच लागते. म्हणून सभागृह अर्धें रिकामें असतां पंखा पूर्ण वेगानें फिरविणें ही शुद्ध उधळपट्टी होय. रसायनशाळेंतील विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची कांच काम संपतांच खालीं ओढणें, ही लहानशी संवयहि पुष्कळ वीज वांचविते; कारण एरवीं तें कपाट खोलींतील पैसे खर्चून गार केलेली हवा सारखी बाहेर फेंकीत असतें.

आतां आपल्या हातचें काम. वर्गांतील पंखे बंद करून दाराच्या तळाशीं व वरच्या झरोक्याजवळ पेटलेली उदबत्ती धरून पाहा. धूर खालीं आंत वळला व वर बाहेर गेला, तर खोली नीट श्वास घेत आहे. तो जागींच घोटाळला, तर झरोका रंगानें चिकटला आहे, कागदानें झांकला आहे कीं कपाटाआड गेला आहे, हें शोधा. पालकांनींहि घरांतील अभ्यासाच्या खोलीची अशीच परीक्षा घ्यावी. झरोका उघडण्यास वीज लागत नाहीं. आणि मुलास झोंपाळू म्हणून बोल लावण्यापूर्वीं एकदां खिडकीकडे पाहावें, हें बरें.