धाप आणि धास्ती

सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या पेशंटला सगळे डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात: किती चाललं की दम लागतो? चालायची भीती वाटते का, हे विचारणारं मला फार उशिरा भेटलं. तोवर फुप्फुसांपेक्षा त्या भीतीनंच मला जास्त जखडून ठेवलं होतं.

विडी-सिगारेटला मी कधी हात लावलेला नाही. पण परकर-पोलक्यात असल्यापासून ते सासरी गॅस येईपर्यंत चूल सुटली नाही. शेणी, तुराट्या, पावसाळ्यात ओली लाकडं. आपल्याकडच्या कितीतरी बायकांना हा आजार धुरानं दिला आहे आणि ‘जुना खोकला’ म्हणून त्या तो अंगावर काढतात. माझं निदान स्पायरोमेट्रीच्या नळीत फुंकल्यावर झालं. झालेलं नुकसान भरून येत नाही, पण पंप नियमित घेतला तर दिवस बरे जातात, एवढं समजलं. मनाबद्दल त्या रिपोर्टात अर्थातच काही नव्हतं.

दम लागला की जीव घाबरा होतो. घाबरलं की श्वास भराभर आणि वरवरचा होतो. या आजारात नेमकं तेच नडतं. आधीची हवा पूर्ण बाहेर पडायच्या आत नवी आत येते, छाती फुगलेलीच राहते आणि पुढच्या श्वासाला जागा उरत नाही. म्हणजे दम वाढतो, आणि जीव आणखी घाबरतो. त्यात लगेच आराम देणारा पंप पुन्हा पुन्हा ओढला की हात थरथरतात, छाती धडधडते. ते औषधानं होतंय हे कुणी सांगितलेलं नसेल तर बाईला वाटतं, आता अटॅकच आला. ‘सगळे मनाचे खेळ’ म्हणणारे नातेवाईक आणि ‘सगळं छातीचंच’ म्हणणारे नातेवाईक, दोघेही अर्धे बरोबर असतात. म्हणूनच दोघांचाही उपयोग होत नाही.

मग एकेक गोष्ट सुटत जाते. आधी जिना, मग मंडई, मग लग्नकार्यं. मी भजनी मंडळ सोडलं त्याला सगळ्यांनी दमाचं कारण लावलं. खरं कारण वेगळं होतं. खोकल्याची उबळ आली की लघवीचे थेंब जायचे, आणि हे सांगणार कुणाला? यावर ओटीपोटाचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात. बायांनो, विचारा. कोविडनंतर तर खोकलं की शेजारचा माणूस खुर्ची सरकवायला लागला, आणि घरी बसायला आयतं निमित्त मिळालं. बसून राहिल्यानं पायातली ताकद गेली, आणि पूर्वीपेक्षा कमी पावलांत धाप लागू लागली. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर सारखा बोटाला. आकडा चांगला असूनही दम लागू शकतो, हे माहीत नसल्यानं मशीनच बिघडलंय असं मी धरून चालले होते.

झोप उडाली, भूक गेली, वेणी घालायलाही हात उचलेना. हे सगळं आजारातही होतं आणि नैराश्यातही, त्यामुळे ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. सकाळचा पंप कशाला घ्यायचा, असं वाटायला लागलं तेव्हा मात्र ते छातीचं दुखणं नव्हतं.

याच दिवसांत घरातल्याच एकानं मायेनं स्वतःच्या पाकिटातली झोपेची गोळी दिली. सकाळी मी धड जागी होईना, जागी झाले तर डोकं जड, बोलणं असंबद्ध. दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा कार्बन डायऑक्साइड साठलेला निघाला. झोपेच्या काही गोळ्या श्वासाची गती मंदावतात, आणि ज्यांची फुप्फुसं आधीच अपुरी पडतात त्यांना ते झेपत नाही. दुसऱ्याची गोळी, किंवा मेडिकलवाल्याला सांगून आणलेली गोळी, या आजारात कधीही घेऊ नका. नैराश्यावरची औषधं वेगळी. ती डॉक्टर छातीचा विचार करून देतात, गुण यायला काही आठवडे लागतात आणि मनानं बंद करायची नसतात.

तिथल्याच एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का? उदास, हताश वाटतं का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर छातीच्या डॉक्टरांना तसं सरळ सांगावं. ते आपणहून विचारतीलच असं नाही. मला गोळी सुरू झाली, समुपदेशन झालं, पण सर्वांत जास्त गुण आला तो फुप्फुसांच्या पुनर्वसन वर्गानं. तिथे मला मुद्दाम दम लागेपर्यंत चालवायचे आणि शेजारी उभं राहून तो उतरू द्यायचे. दम लागतो आणि उतरतोही, हे माझ्या अंगाला तिथे कळलं. सांगून ते कळलं नसतं.

श्वास सोडायची रीतही तिथलीच. नाकानं घ्यायचा, आणि फुंकणीला लावतो तसे ओठ करून सावकाश, घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडायचा. जोर लावायचा नाही. (ज्या फुंकणीनं छातीची ही गत केली तिचेच ओठ शेवटी उपयोगी पडावेत, याची मला गंमत वाटते.) पुढे वाकून कोपर मांडीवर किंवा टेबलावर टेकवायचे. तोंडावर छोट्या पंख्याचा वारा घेतला तरी बरं वाटतं.

घरच्यांनी अशा वेळी भोवती गराडा घालू नये, ‘काय होतंय, काय होतंय’ विचारू नये. बोलायलाही श्वास लागतो. एकानं शेजारी बसून स्वतः संथ श्वास घ्यावा, पुरे. रात्री-अपरात्री मन फारच खचलं तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा नंबर आहे. फोन फुकट, मराठीत बोलता येतं.

पण ओठ-नखं निळसर दिसली, एक वाक्य सलग बोलता येईना, पंप घेऊनही दम उतरेना किंवा माणूस गुंगीत जायला लागला, तर श्वासाचे व्यायाम करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आणि वाटेत, रिक्षात, ‘तू घाबरतेस म्हणून होतंय’ हे वाक्य कुणी उच्चारू नये.