खाडी दोनदा पाहायची असते : देशावरच्या मुलांसाठी एक दिवसाचा चालता पाठ



चौथीच्या वर्गात मी खाडी शिकवत होते. 'समुद्राचं पाणी नदीच्या मुखातून आत शिरतं, त्या भागाला खाडी म्हणतात.' मुलांनी व्याख्या पाठ केली. मग एका मुलीनं विचारलं, "बाई, नदी बाहेर येतीय आणि समुद्र आत येतोय, मग जिंकतं कोण?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण मीही खाडी फक्त नकाशात पाहिली होती. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा आहे, मुळा आहे, गोदावरी आहे, भीमा आहे. पण या सगळ्या पूर्वेकडं जातात. समुद्राला भेटणारी नदी आपल्या मुलांच्या डोळ्यासमोर येतच नाही.

म्हणून सुचवते : सहल अलिबागकडं नेणार असाल, तर एक दिवस रेवदंडा ते कोर्लई पायी चाला. इथं कुंडलिका नदी अरबी समुद्राला मिळते.

आधी वर्गात : तिथीचं गणित

कोकणात एक जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर ५ × ३/४ = ३.७५, म्हणजे पावणेचार. पूर्ण ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी, म्हणजे सकाळी साडेनऊच्या सुमारास. कॅलेंडर द्या आणि मुलांनाच सहलीची तारीख काढू द्या. अपूर्णांकांचा इतका चांगला उपयोग पुस्तकात सापडणार नाही. हा हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो. त्यामुळं निघण्याआधी भरतीचं छापील वेळापत्रक पाहाच.

सकाळी साडेनऊ : ओहोटी

रेवदंड्याला खाडीच्या काठावर थांबा. चिखल उघडा पडलेला असतो, काही होड्या त्यात कलंडलेल्या असतात. तिवरांच्या झाडाभोवती पेन्सिली रोवल्यासारखी मुळं वर आलेली दिसतील. चिखलात हवा कमी, म्हणून हे झाड मुळं वर काढून श्वास घेतं. नीट पाहिलं तर चिखलावर उड्या मारणारा निवट्या मासा आणि खेकड्यांची बिळं दिसतात. मुलांना चित्र काढायला लावा. पाणी कुठपर्यंत आहे, त्याची खूण एखादा खांब किंवा पायरी धरून लिहून ठेवायला सांगा.

दुपार : तट, पूल, किल्ला

रेवदंड्याच्या तटाजवळ दोन मिनिटं थांबा. शेजारचं चौल हे आपल्या नगरच्या निजामशाहीचं बंदर होतं. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहानं इथल्या पोर्तुगीजांना वेढा घातला, पण ठाणं हाती आलं नाही. नगरच्या भुईकोट किल्ल्यात जाऊन आलेल्या मुलांना हा धागा लगेच कळतो.

मग पूल ओलांडून साळावमार्गे कोर्लईला या. रस्त्यावर वाहनं असतात, मुलांची एकेरी रांग करा. कोर्लई गावात काही ख्रिस्ती कुटुंबं आजही पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली बोलतात. दीपगृहाजवळून किल्ल्यावर चढा. वरून एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. व्याख्या इथं विचारा. आता ती मुलं बोटानं दाखवून सांगतात.

पावणेचार : भरती

परतीला गाडी वापरा, पण सकाळच्याच जागी उतरा. चिखल गेलेला, मुळं बुडालेली, होड्या तरंगत असतात. सकाळची खूण शोधायला सांगा. मोठ्या उधाणाला इथलं पाणी चार मीटरच्या आसपास चढतं. म्हणजे आपल्या वर्गाच्या छताच्याही वर.

हे पाहणं नुसतं भूगोलासाठी नाही. आपल्याकडची माणसं समुद्राला तलाव समजतात. सकाळी कोरड्या असलेल्या खडकावर जाऊन बसतात आणि मागून पाणी कधी भरलं ते त्यांना कळत नाही. ज्या मुलानं एकच जागा दोनदा पाहिली, ते मूल मोठेपणी असं बसणार नाही. सहलीत मात्र एकालाही चिखलात किंवा पाण्यात उतरू देऊ नका. स्थानिक कोळीदादांना आधी विचारा आणि त्यांचं ऐका.

घरी आल्यावर : हे पाणी कुणाचं?

शेवटचा धागा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कुंडलिकेत भिरा इथल्या टाटांच्या वीजघरातून सुटलेलं पाणी येतं. ते येतं मुळशी धरणातून. पुण्याकडच्या मुळा नदीचं ते पाणी धरण नसतं तर भीमेत गेलं असतं आणि आपल्या श्रीगोंदा-कर्जतच्या कडेनं वाहिलं असतं. डोंगरातून वळवल्यामुळं ते पश्चिमेला उतरून रेवदंड्याच्या खाडीत मिसळतं. या धरणात जमिनी जाणाऱ्या मावळ्यांसाठी १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला. त्याचं नेतृत्व ज्यांनी केलं, ते सेनापती बापट आपल्या पारनेरचे.

तेव्हा नकाशावर मुळशी, भिरा, रेवदंडा आणि श्रीगोंदा मुलांकडून जोडून घ्या. मग विचारा : हे पाणी वळवल्यानं वीज कुणाला मिळाली, जमीन कुणाची गेली, आणि खालच्या भीमेचं काय कमी झालं? उत्तरं वेगवेगळी येतील, येऊ द्या.

आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर? खाडीत कायमचं कुणीच जिंकत नाही. दिवसातून दोनदा समुद्र आत येतो, दोनदा मागं हटतो, आणि नदी वाहतच राहते. हे मी सांगितलं असतं तर तिनं पाठ केलं असतं. खाडीच्या काठावर उभं राहून ते तिचं तिलाच सापडायला हवं.