‘गेम’ या एका शब्दामागचे अनेक खेळ

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातील दोन डोंगराळ तालुके. यांपैकी वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांत येथील गावे व वाड्या विखुरलेल्या आहेत. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा शिक्षणाच्या निमित्ताने राज्यातील असंख्य घरांत मोबाइल संच मुलांच्या हाती आला. डोंगराआडच्या वाड्यांत ‘रेंज’ मिळावी म्हणून मुले टेकाडावर जाऊन बसत. पुढे शाळा पूर्ववत सुरू झाल्या. संच मात्र मुलांच्या हाती राहिला.

मुलगा तासभर मान खाली घालून बसलेला दिसला आणि “काय चालले आहे?” असे विचारले, की “गेम खेळतोय” एवढेच उत्तर मिळते. येथेच संभाषण संपते. पालकांच्या सभेत आणि ग्रामसभेतही हा विषय निघाला, म्हणजे ‘गेम वाईट’ किंवा ‘काळाबरोबर चालले पाहिजे’ अशा दोन टोकांमध्ये चर्चा अडकते. भात लावणारा मावळातील शेतकरी इंद्रायणी आणि आंबेमोहोर यांना एकाच नावाने कधी हाक मारणार नाही. पिकात उगवलेले तणही त्याला लांबून ओळखू येते. मुलांच्या हातातील खेळांविषयी मात्र आपण पीक आणि तण यांना एकाच नावाने संबोधतो. त्यामुळे बंदी घालावयाची झाली तर ती सरसकट घातली जाते आणि मोकळीक द्यावयाची झाली तर तीही सरसकटच दिली जाते. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि क्षेत्रीय अधिकारी यांना या खेळांचे प्रमुख प्रकार ओळखता यावेत, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वर्गीकरणाची कसोटी

चित्रपटाचा प्रकार आपण कथेवरून ठरवितो; पौराणिक, ऐतिहासिक, कौटुंबिक असे त्याचे भेद करतो. व्हिडिओ खेळाची कसोटी याहून निराळी आहे. पडद्यावर काय दिसते यापेक्षा खेळणाऱ्याला काय करावे लागते, यावरून त्याचा प्रकार ठरतो. ही कसोटी आपल्याला नवी नाही. विटीदांडू आणि लगोरी यांत हात व डोळा यांचा मेळ लागतो. बुद्धिबळात पुढच्या चालींचा विचार लागतो. सारीपाटात विचाराबरोबर दानही पडावे लागते. कोडी व उखाणे यांत उकल शोधावी लागते. भातुकलीत तर जिंकणे-हरणे नसतेच. तेथे संसाराची प्रतिकृती मांडून ती चालवावयाची असते. व्हिडिओ खेळांचे बहुतेक प्रकार याच मूळ प्रवृत्तींतून निघाले आहेत.

या खेळांचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील अटारी या कंपनीचा ‘पाँग’ हा टेबल टेनिसच्या धर्तीवरचा खेळ १९७२ मध्ये आला आणि व्हिडिओ खेळ हा व्यवसाय झाला. त्यानंतर सहा वर्षांनी जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ तयार केला. तेथून पुढे पाच दशकांत या एका झाडाला अनेक फांद्या फुटल्या.

एक राजगड, अनेक खेळ

हे भेद स्पष्ट व्हावेत म्हणून आपण एकच परिचित विषय घेऊ. वेल्हे तालुक्यातील राजगड हा सुमारे पंचवीस वर्षे छत्रपती शिवाजी महाराजांची राजधानी होता. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांतही तो आहे. समजा, या किल्ल्यावर व्हिडिओ खेळ रचावयाचा आहे. किल्ला तोच राहील; परंतु प्रकार बदलला, की खेळणाऱ्याचे काम बदलेल.

पहिला प्रकार ॲक्शन किंवा कृतिप्रधान खेळांचा. गुंजवणे गावाच्या बाजूने चोरदरवाजाची अवघड वाट चढावयाची आहे. योग्य क्षणी उडी मारली नाही तर खाली कोसळण्याचा धोका आहे. येथे विचारापेक्षा चपळाईला महत्त्व असते. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा या प्रकारातील उड्या मारीत पुढे जाण्याच्या खेळाचा प्रसिद्ध नमुना होय. नेमबाजीचे आणि द्वंद्वाचे खेळही याच कुळातील. हिंसेचे प्रश्न प्रामुख्याने या गटात उद्भवतात. तथापि सर्वच ॲक्शन खेळ हिंसक असतात असे नाही.

दुसरा प्रकार ॲडव्हेंचर अर्थात साहस व शोध यांचा. आता तोच खेळाडू पद्मावती माचीवर उभा आहे. त्याला खुणा वाचून, वस्तू गोळा करून, लोकांशी बोलून सुवेळा माचीच्या नेढ्यापर्यंत पोचावयाचे आहे. घाई नाही, निरीक्षण हवे. या प्रकाराच्या जन्माची हकीकत आपल्या गिर्यारोहकांना आवडेल अशी आहे. विल क्राउदर हे अमेरिकन संगणकतज्ज्ञ गुहांचे संशोधकही होते. केंटकी राज्यातील मॅमथ गुहेत स्वतः केलेल्या भटकंतीच्या आधारे त्यांनी १९७६ च्या सुमारास ‘कलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’ हा केवळ शब्दांनी खेळावयाचा खेळ रचला. त्याच्याच नावावरून या साऱ्या प्रकाराला ‘ॲडव्हेंचर’ हे नाव रूढ झाले. परिसराचे बारकाईने घेतलेले ज्ञान हेच त्या खेळाचे भांडवल होते.

तिसरा प्रकार रोल प्लेइंग, म्हणजे भूमिका घेऊन खेळण्याचा. खेळाडू एक सामान्य मावळा होतो. प्रत्येक मोहिमेनंतर त्याचे कौशल्य, अनुभव व जबाबदारी वाढत जाते. १९७४ मध्ये कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळावयाच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातून ही पद्धत संगणकात आली. असे खेळ महिनोन्महिने चालतात, ही गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी.

चौथा प्रकार स्ट्रॅटेजी अथवा डावपेचांचा. येथे खेळाडू मावळा नसून किल्लेदार आहे. संजीवनी माचीच्या चिलखती तटबंदीवर किती माणसे ठेवावीत, पाली दरवाजावर किती, धान्य किती साठवावे याचा निर्णय त्याने घ्यावयाचा. १९९१ चा ‘सिव्हिलायझेशन’ आणि १९९७ चा ‘एज ऑफ एम्पायर्स’ हे या प्रकारातील गाजलेले खेळ. बुद्धिबळाचे हे दूरचे नातलग होत.

पाचवा प्रकार सिम्युलेशन म्हणजे प्रतिरूप व्यवस्था चालविण्याचा. १९८२ चा विमान चालविण्याचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ आणि १९८९ चा नगररचनेचा ‘सिमसिटी’ ही त्याची उदाहरणे. या प्रकारासाठी किल्ला उतरून भोरकडे येणे अधिक सोयीचे. वेळवंडी नदीवरील भाटघर धरण भोर तालुक्यात आहे. त्याच्या पाण्याचा लाभ नीरेच्या दोन्ही कालव्यांवाटे बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या खालच्या भागांना होतो. पाऊस किती पडला, किती पाणी साठवावे, पूर येत असता किती सोडावे, उन्हाळ्यात कोणाला किती द्यावे याचा ताळेबंद खेळाडूने सांभाळावयाचा, असा खेळ सहज कल्पिता येतो. सातवी-आठवीच्या भूगोलाच्या शिक्षकाला यापेक्षा जिवंत पाठ कोणता मिळणार?

याशिवाय आणखी काही प्रकार आहेत. क्रिकेट, फुटबॉल आणि मोटारींच्या शर्यती यांचे खेळ सर्वांना परिचित आहेत. कोड्यांच्या प्रकारात मॉस्कोतील अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ च्या सुमारास रचलेला ‘टेट्रिस’ आजही खेळला जातो. सँडबॉक्स म्हणजे वाळूच्या हौद्यासारखा मोकळा खेळ. स्वीडनमध्ये तयार झालेल्या ‘माइनक्राफ्ट’ मध्ये मुले ठोकळ्यांवर ठोकळे रचून घरे, पूल, हवे तर दिवाळीतल्या किल्ल्यासारखा राजगडही उभारू शकतात. बॅटल रॉयल या प्रकारात साधारणतः शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ आकुंचन पावत जाते आणि अखेरीस एकच खेळाडू किंवा एकच तुकडी उरते. ‘पब्जी मोबाइल’ या खेळामुळे हा प्रकार घरोघरी पोचला. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने त्या खेळावर बंदी घातली. परंतु त्याच धर्तीचे इतर खेळ उपलब्ध राहिले.

प्रत्यक्षात या प्रकारांची सरमिसळही होते. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘राजी’ या खेळात हरवलेल्या भावाचा शोध घेणारी मुलगी ही नायिका आहे. तो ॲक्शन आणि ॲडव्हेंचर यांचा संगम आहे. पुण्याच्याच सुपरगेमिंग या कंपनीने २०२४ मध्ये ‘इंडस’ हा बॅटल रॉयल खेळ आणला. चित्रकला, संगीत, कथालेखन, गणित आणि संगणक या सर्वांची येथे गरज लागते. भोर-वेल्ह्यातील विद्यार्थ्याला हे क्षेत्र खेळणारा म्हणून ठाऊक आहे. खेळ रचणारा म्हणूनही ते ठाऊक व्हावे.

प्रकार ओळखल्याने काय साधते?

एक व्यावहारिक उदाहरण घेऊ. “आत्ताच्या आत्ता फोन ठेव” असे आईने म्हटले आणि मुलाने आदळआपट केली. मुलगा टेट्रिससारखे कोडे सोडवीत असेल, तर तो खेळ कोठेही थांबविता येतो. हट्टाला सबब नाही. तो बॅटल रॉयलच्या ऐन मध्यावर असेल, तर खेळ थांबविण्याची सोय नसते आणि सोबत्यांना सोडून जावे लागते. अशा वेळी फेरी सुरू होण्यापूर्वीच “एवढी एक फेरी, मग अभ्यास” असे ठरवून घेणे हिताचे. डावपेचांच्या खेळात ‘आणखी एक चाल’ करता करता रात्र होते. तेथे घड्याळाची मर्यादा उपयोगी पडते. प्रकार ओळखला, की शिस्तीचा उपायही नेमका सापडतो.

खेळाचे व्यसन हा खरा प्रश्न आहे, याविषयी दुमत नसावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ या विकाराचा समावेश असून ती आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. ती सामान्यतः वर्षभर टिकून असतील, तर निदान केले जाते. याचा अर्थ असा, की सुटीत चार दिवस खेळलेले मूल रोगी ठरत नाही. तसेच शाळा, झोप आणि मित्र सोडून बसलेल्या मुलाला केवळ रागे भरून भागत नाही, त्याला डॉक्टरांकडे न्यावे लागते.

पैशाची रेघ

सर्व प्रकारांना छेदून जाणारी एक रेघ आहे व ती पैशाची आहे. लुडोचेच पाहा. आपल्या पचिसीवरून इंग्रजांनी घेतलेला हा पटाचा खेळ नवी मुंबईतील एका कंपनीने २०१६ मध्ये ‘लुडो किंग’ या नावाने मोबाइलवर आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत तो खेळला गेला. हा करमणुकीचा खेळ. परंतु तोच पट आणि त्याच सोंगट्या घेऊन पैसे लावावयास सांगितले, की तो जुगाराच्या जातीचा होतो. पडद्यावर दोहोंचे चित्र एकसारखेच दिसते.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या अधिनियमाने हाच भेद कायद्यात आणला. त्या अधिनियमाला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात ई-स्पोर्ट्स, सामाजिक खेळ आणि पैशाचे खेळ असे तीन वर्ग केले आहेत. पहिल्या दोहोंना उत्तेजन देण्याचे धोरण आहे. जिंकण्याच्या आशेने पैसे लावावयाचे खेळ मात्र निषिद्ध ठरविले असून, तो खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा वादही तेथे गैरलागू केला आहे. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास अथवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यांच्या जाहिरातीसाठीही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार मानलेले नाही. ही बाब गावात आवर्जून सांगावयास हवी. कारण पैसे गमावलेला तरुण भीतीने व लाजेने गप्प बसतो आणि तोटा भरून काढण्यासाठी आणखी कर्ज काढतो. त्याने बोलावे, अशी परिस्थिती निर्माण करणे हे गावाचे काम आहे. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ करता येते.

शाळा आणि ग्रामपंचायत यांचे कार्य

मुलांच्या हातातील कोणत्याही खेळाविषयी पाच प्रश्न विचारावेत. या खेळात करावयाचे काय असते? तो मध्येच थांबविता येतो काय? खेळताना अनोळखी माणसांशी बोलणे होते काय? पैसे कोठे व कशासाठी मागितले जातात? तो कोणत्या वयासाठी सुचविलेला आहे? या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली, म्हणजे खेळाची जात आणि त्याचा धोका दोन्ही ध्यानी येतात.

शिक्षकांनी एखाद्या शनिवारी वर्गातील खेळांची यादी मुलांकडूनच करवून घ्यावी व फळ्यावर त्यांचे प्रकार पाडावेत. जे मूल एरवी बोलत नाही, तेही या तासाला बोलते. ग्रामपंचायतीने पालकांच्या सभेत पैशाच्या खेळांविषयीची कायदेशीर माहिती द्यावी. घरातील यूपीआयचा गुप्त क्रमांक मुलांना न देण्याचा साधा नियमही पुष्कळ हानी टाळू शकेल. आणि मैदान मोकळे ठेवणे हेही पंचायतीचेच काम आहे. कारण लगोरीला जागा उरली नाही, तर मुले दुसरीकडे खेळणार हे उघड आहे.

राजगडाला एकाहून अधिक वाटा आहेत. चोरदरवाजाची वाट अवघड, पाली दरवाजाची त्या मानाने सोपी. पायथ्याच्या गावातील जाणता माणूस पाहुण्याला गडावर जाऊ नको असे म्हणत नाही. कोणती वाट कोणाला झेपेल, हे तो सांगतो. मुलांच्या हाती आलेल्या या नव्या खेळांच्या बाबतीत शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी हीच भूमिका घ्यावी. त्यासाठी आधी वाटा त्यांना स्वतःला ठाऊक असावयास हव्यात. पुढच्या वेळी एखादे मूल “गेम खेळतोय” असे म्हणाले, तर त्याच्या शेजारी बसून “कोणता?” एवढे विचारावे. संभाषण तेथून सुरू होईल.