आधी नाक, मग मीटर

डिप्लोमा झाला, दुकानाची किल्ली घेतलीस, छान. आता मामाचं थोडं ऐक.

गिऱ्हाईकाने वस्तू टेबलावर ठेवली की लगेच स्क्रू काढायला बसू नकोस. विचार: कधी बंद पडली, जळका वास आला का, आधी कुणी उघडली होती का? हे शेवटचं हटकून विचार. दुसऱ्याचा हात लागलेल्या बोर्डात मूळचा बिघाड एक असतो आणि वरून घातलेले दोन.

फ्यूज उडालेला दिसला की नवा टाकून बघायची खुमखुमी आवर. आधी सिरीजमध्ये शंभर वॅटचा पिवळा बल्ब लाव. लुकलुकून मंदावला तर बहुधा ठीक. भगभगीत पेटून राहिला तर पुढे शॉर्ट आहे. ब्रिजचे डायोड आणि मॉस्फेट तपास. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. पिवळे तीन खणात आहेत, जपून वापर.

प्लग काढला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. 230 व्होल्टचे मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे होतात. सप्लाय चालूच होत नसेल तर तो साठा खाणारं कुणी नसतं, म्हणून मेलेला सप्लायच जास्त चावतो. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणं ही मर्दुमकी नव्हे. दोन-तीन किलोओहमचा दहा वॅटचा रेझिस्टर लाव, मग मीटरने खात्री कर.

तो टिकटिक करणारा सप्लाय आठवतो ना? थंडीत सकाळी चालू होईना, दुपारी आपोआप व्हायचा. तू आयसी दोनदा बदललास. मी हेअर ड्रायरने आयसीशेजारचा छोटा कॅपॅसिटर मिनिटभर शेकला आणि सप्लाय सुरू! 47 मायक्रोफॅरडचा तो कॅपॅसिटर मीटरवर 41 दाखवत होता, म्हणून तू सोडून दिलास. पण आतला ओलावा सुकून त्याचा ईएसआर वाढला होता. मीटरला तू ते विचारलंच नव्हतंस. हीटसिंकला खेटून बसवला होता बिचारा. तू स्वतः बोर्ड आखशील तेव्हा कॅपॅसिटर उष्णतेपासून लांब ठेव आणि 105 डिग्रीचाच घे. तापमान दहा डिग्रीने उतरलं की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं.

लटकत्या तारेवर डिजिटल मीटर सत्तर-ऐंशी व्होल्ट दाखवतो, तेव्हा टेस्ट लॅम्प लावून बघ. नुसतं भूत असेल तर पळतं.

राहिला स्कोप. त्याच्या प्रोबची काळी क्लिप थेट अर्थिंगला जोडलेली असते. ती सप्लायच्या मेनकडच्या बाजूला लावलीस की धडाका! त्यासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापर, आणि तोही दुरुस्तीच्या वस्तूला, स्कोपला नाही. बरेच जण प्लगची अर्थिंगची पिनच कापून टाकतात; मग स्कोपच्या लोखंडी बॉडीवरच मेन येऊन बसतो. आपल्या स्कोपची पिन मीच तरुणपणी कापली होती. गेल्या महिन्यात नवा प्लग बसवलाय.